८७००के ५.० गिगाहर्ट्झवर: टेस्ट पास, गेममध्ये हँग. व्होल्टेज वाढवू का?

मानपाडा_मल्टिप्लायर

नमस्कार मंडळी. प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवतोय, म्हणजे ओव्हरक्लॉक. सगळी माहिती एकदमच देतो, म्हणजे प्रश्नोत्तरांत दोन पानं जाणार नाहीत.

प्रोसेसर आय७-८७००के, झाकण (वरचा धातूचा पत्रा) न उघडलेला. झेड३७० बोर्ड, २४० मिमीचा लिक्विड कूलर, ६५० वॅटचा गोल्ड पॉवर सप्लाय. रॅम डीडीआर४-३२००, सीएल१६, ८ जीबीच्या चार स्टिक. दोन-दोनचे दोन किट वेगवेगळ्या वेळी घेतलेले, मॉडेल नंबर तोच. खोली पश्चिमेकडची, दुपारी ३३-३४ अंश. एसी फक्त रात्री.

बायोस: मल्टिप्लायर ५० (म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या ५० पट), एव्हीएक्स ऑफसेट २, व्हीकोर (कोरचं व्होल्टेज) फिक्स्ड १.३३०, लोडलाइन कॅलिब्रेशन मधल्या पायरीवर, रिंग (कोर आणि कॅश जोडणारा भाग) ऑटो, एक्सएमपी (रॅमचं तयार वेगवान प्रोफाइल) चालू, व्हीसीसीआयओ आणि सिस्टिम एजंट (मेमरी कंट्रोलरशी निगडित व्होल्टेज) दोन्ही ऑटो.

सिनेबेंच आर२३ अर्धा तास पास. प्राइम९५ स्मॉल एफएफटी एक तास पास, कमाल ८८ अंश. पण गेममध्ये २० ते ४० मिनिटांत चित्र गोठतं. ब्राउझरचे टॅब आपोआप मरतात. ब्लू स्क्रीन दोनदा आली, एकदा १२४ आणि एकदा १ए. मोठी झिप फाइल उलगडताना दोनदा सीआरसी एरर, म्हणजे डेटा बिघडल्याची खूण. व्हीकोर १.३७० केला तर तापमान ९६ आणि हँग तसाच.

आणखी वाढवू का?

फुल्लस्पीड

१.४२ टाका आणि विषय संपवा. ८७००के घेऊन ५.० नाही चालवायचा तर घेतला कशाला?

लोडलाइन (ऐरोली)

१.४२ नको. गणित बघा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.३३ वरून १.४२ म्हणजे क्लॉक तेवढाच ठेवून साधारण १४ टक्के जास्त उष्णता, आणि गरम चिपची गळती त्यावर वेगळी. आत्ता खोलीपेक्षा कोर ५५ अंश वर असतील तर ते ६३च्या पुढे जातील. खोली ३४ धरली की ९७. १०० अंशांवर हा प्रोसेसर स्वतःच क्लॉक पाडतो. म्हणजे आजार तसाच राहील आणि वर ताप चढेल. शिवाय ८७००केच्या झाकणाखाली सोल्डर नाही, पेस्ट आहे. ९९००केसारखी उष्णता झटकन वर येत नाही.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. धागाकर्ते, एक काम करा. प्राइम९५ चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) कोर क्लॉकची ओळ बघा आणि आकडा इथे टाका. बाकी काही बदलू नका.

मानपाडा_मल्टिप्लायर

४८००. सगळे सहा कोर. सिनेबेंचमध्येही ४८००. हे काय?

लोडलाइन (ऐरोली)

हेच. तुम्ही ५.० तपासलेलाच नाही.

एव्हीएक्स ऑफसेट २ म्हणजे एव्हीएक्सच्या (एका फटक्यात बरेच आकडे मोजणाऱ्या, जड) सूचना आल्या की मल्टिप्लायर ५० वरून ४८ वर उतरतो. तुमच्या दोन्ही टेस्ट एव्हीएक्स वापरतात, म्हणून तासभर मशीन ४.८ वर होतं, आणि व्होल्टेज मात्र फिक्स्ड असल्यामुळे ५.० साठी दिलेलं. पास होणारच. गेम, ब्राउझर, झिप उलगडणं ही बहुतेक साध्या सूचनांची कामं. तिथे क्लॉक खरोखर ५.० वर जातो आणि तिथेच मशीन कोसळतं. काही गेम अधूनमधून एव्हीएक्स वापरतात, तेव्हा क्लॉक ५.० आणि ४.८च्या मध्ये वर-खाली उड्या मारतो. तोही एक ताणच.

ऑफसेट वाईट नाही. पण ऑफसेट लावला की दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक एव्हीएक्ससह आणि एक एव्हीएक्सशिवाय. प्राइम९५च्या नव्या आवृत्त्यांत टॉर्चर टेस्टच्या खिडकीतच एव्हीएक्स बंद करायचे चौकोन आहेत. एव्हीएक्स२ आणि एव्हीएक्स दोन्हींवर टिक करा, मग स्मॉल एफएफटी लावा आणि क्लॉक ५००० दिसतोय याची आधी खात्री करा. नसेल तर टेस्ट थांबवा, कारण ती पुन्हा दुसऱ्याच विषयाची परीक्षा आहे.

रॅमभाऊ

लोडलाइन म्हणतात ते बरोबर, पण अर्धंच. इथे एक नाही, दोन आजार दिसतायत.

१ए म्हणजे मेमरी मॅनेजमेंट. त्यात झिपचा सीआरसी एरर. ही दोन लक्षणं एकत्र आली की आधी रॅमकडे बघायचं. कोरच्या व्होल्टेजनेही सीआरसी एरर येऊ शकतो, पण चार स्टिक, दोन किट आणि एक्सएमपी चालू असताना रॅमला निर्दोष धरून पुढे जाऊ नका. ८७००केचा अधिकृत मेमरी वेग २६६६ आहे. ३२०० हेसुद्धा ओव्हरक्लॉकच. एक्सएमपीचं बटण दाबलं म्हणून ते फुकट मिळत नाही.

आणि मॉडेल नंबर तोच असला तरी आतल्या चिप त्याच असतील असं नाही. दोन किट एकत्र चालतील याची हमी किट बनवणारे देत नाहीत. ते फक्त एका डब्यातल्या स्टिक एकमेकींबरोबर तपासतात.

पद्धत अशी: एकाची परीक्षा घेताना दुसऱ्याला सुट्टी.

आधी एक्सएमपी बंद. रॅम २१३३ किंवा २४०० वर येईल, चिडू नका. रिंग हाताने ४३ वर बांधा. मग लोडलाइन यांनी सांगितलेली एव्हीएक्सशिवायची टेस्ट घ्या. फेल झाली तर दोष कोरचा, रॅमवर ढकलता येणार नाही.

कोरचं निस्तरलं की उलटं करा. प्रोसेसर पूर्ण स्टॉक, एक्सएमपी चालू, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६. फुकटच्या आवृत्तीत चार पास मिळतात, ३२ जीबीला रात्र जाते. एकही एरर चालत नाही. "फक्त दोनच आले" असं काही नसतं.

दोन्ही आपापल्या जागी शुद्ध ठरले की मगच एकत्र.

कोपरीकर

+१. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुठल्या गोळीने गुण आला ते कळत नाही. एक वही ठेवा. तारीख, खोलीचं तापमान, मल्टिप्लायर, सेट व्हीकोर, लोडवरचा व्हीकोर, कमाल तापमान, किती मिनिटांनी काय झालं. बायोसमधल्या प्रोफाइलला "नवीन२", "फायनल", "फायनल_खरंच" अशी नावं देऊ नका.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर काढा. रॅम अस्थिर असताना डिस्कवर लिहिलं जाणारं सगळं संशयित असतं. अशा वेळी विंडोज अपडेट तर अजिबात करू नका.

सेक्टर_सतरा (वाशी)

एरर वाचायचे कसे, यावर थोडं लिहितो. इथे बरेच जण इव्हेंट व्ह्यूअर उघडतात, कर्नल-पॉवर ४१ बघतात आणि पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ४१चा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते त्यात नसतं. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी ४१च येतो.

बघायचं ते डब्ल्यूएचईए-लॉगर, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांची विंडोजची नोंदवही. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, तिथे सोर्सवर फिल्टर लावा. आयडी १९ म्हणजे हार्डवेअरची चूक झाली पण प्रोसेसरने स्वतः दुरुस्त केली. आयडी १८ म्हणजे दुरुस्त झाली नाही. १९च्या तपशिलात इंटर्नल पॅरिटी एरर असेल तर इंटेलवर बहुतेक वेळा कोरला व्होल्टेज कमी पडतंय. कॅश हायरार्की एरर असेल तर रिंगही संशयितांत धरा.

१९ची गंमत अशी की काहीही हँग होत नाही, टेस्ट हिरवी दिसते आणि मागे नोंदी साठत जातात. म्हणून टेस्ट चालू असताना एचडब्ल्यूइन्फोच्या तळाची डब्ल्यूएचईए एररची ओळ नजरेसमोर ठेवा. शून्य म्हणजे शून्य.

ब्लू स्क्रीनचे कोड ढोबळ दिशा देतात. १२४ आणि १०१ आले की आधी व्हीकोर. १ए आला की आधी रॅम आणि रॅमशी निगडित व्होल्टेज. ५० किंवा ०ए दोन्हीकडून येतात, त्यात बिचारे ड्रायव्हरही असतात. एका कोडवरून निकाल देऊ नका, चार-पाच जमू द्या.

मशीन ब्लू स्क्रीन न देता फटकन बंद पडत असेल, दिवा विझल्यासारखं, तर तो वेगळा विषय आहे. तिथे पॉवर सप्लायचं संरक्षण, व्हीआरएमचं (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा बोर्डावरचा भाग) तापमान किंवा यूपीएस. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर त्यावर टाकले तर वीज गेल्याक्षणी तो हात टेकतो आणि दोष ओव्हरक्लॉकला जातो. धागाकर्त्यांकडे चित्र गोठतंय, बंद पडत नाहीये. त्यामुळे पॉवर सप्लायला तूर्त सोडून देऊ.

मानपाडा_मल्टिप्लायर

पहिला निकाल. एक्सएमपी बंद, रिंग ४३, एव्हीएक्स बंद, क्लॉक ५००० बघून घेतला. व्हीकोर परत १.३३० वर आणला. ११व्या मिनिटाला प्राइम९५चा एक वर्कर गणितात चुकून थांबला: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४. त्याआधी डब्ल्यूएचईए १९ तीन वेळा, तिन्ही इंटर्नल पॅरिटी. पुन्हा लावलं तर ७व्या मिनिटाला तोच वर्कर.

लोडवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीकोर १.२४८ दिसतो. मी तर १.३३० दिलाय! बोर्ड खराब आहे का?

लोडलाइन (ऐरोली)

बोर्ड ठणठणीत आहे. माझं टोपणनाव ज्यावरून आहे तोच विषय निघाला, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

प्रोसेसरमधून करंट वाढला की व्होल्टेज खाली येतं. हे मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. तुमच्या आकड्यांवरून बघू. ५.० वर एव्हीएक्सशिवाय पॅकेज पॉवर साधारण १५० वॅट दाखवत असेल. १५० भागिले १.२५ म्हणजे १२० अँपिअर. घसरण ८२ मिलिव्होल्ट. ८२ भागिले १२० म्हणजे ०.६८ मिलिओहम. ही झाली तुमच्या मधल्या पायरीची लोडलाइन. कॅलिब्रेशन वाढवलं की हा आकडा कमी होतो आणि घसरण कमी होते.

मग सरळ शेवटच्या पायरीवर का ठेवू नये? कारण लोड सुटतो त्या क्षणी उलटं घडतं. १२० अँपिअर अचानक २० वर आले की व्हीआरएमला सावरायला थोडे मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात व्होल्टेज सेट आकड्याच्याही वर उसळतं. लोडलाइन जितकी सपाट, तितकी ही उसळी मोठी, आणि पुन्हा लोड येताना बसणारा खड्डाही तितकाच वाईट. हे एचडब्ल्यूइन्फोत दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून शेवटच्या दोन पायऱ्या सोडून द्यायच्या. सेट आकडा थोडा वर ठेवून मधल्यापेक्षा एक पायरी वर, ही जागा बहुतेक बोर्डांना मानवते.

पायऱ्यांच्या नावांनी लोक फसतात, तेव्हा जपून. आसूसच्या बोर्डावर लेव्हलचा आकडा वाढला की कॅलिब्रेशन कडक होतं. एमएसआय आणि एएसरॉकवर उलटं, तिथे १ सगळ्यात कडक. गिगाबाइटवर टर्बो, एक्स्ट्रीम, अल्ट्रा एक्स्ट्रीम अशी नावं. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाचा "लेव्हल ६" वाचून आपल्या बोर्डावर टाकू नका. पायरी बदला, तीच टेस्ट दोन मिनिटं लावा आणि घसरण मोजा.

आणि १.२४८ हा आकडाही तंतोतंत नाही. बोर्डावरच्या सेन्सर चिपची पायरी अनेकदा १६ मिलिव्होल्टची असते: १.२४८, १.२६४, १.२८०, १.२९६. मधलं काही दिसतच नाही. एचडब्ल्यूइन्फोत व्हीआर व्हीआउट अशी ओळ असेल तर तिच्यावर जास्त विश्वास ठेवा.

आता करा असं. कॅलिब्रेशन एक पायरी कडक, सेट तोच १.३३०. लोडवर किती ते सांगा.

तापमापक (कळवा)

मध्येच एक विचारतो. या टेस्ट दिवसा घेतल्या की रात्री एसीत?

मानपाडा_मल्टिप्लायर

रात्री. एसी २४ वर.

एक पायरी कडक केल्यावर लोडवर १.२९६. ५.० दोन तास पास, डब्ल्यूएचईए शून्य! पण तापमान ८९. म्हणजे जमलं ना?

तापमापक (कळवा)

२४च्या खोलीत ८९. कूलर खोलीच्या वर ६५ अंशांवर उभा आहे. दुपारी खोली ३४ झाली की हेच ९९. तुम्हीच लिहिलंय की एसी फक्त रात्री. म्हणजे हा ओव्हरक्लॉक रात्रपाळीचा आहे.

शिवाय तापमान वाढलं की त्याच क्लॉकला व्होल्टेजही किंचित जास्त लागतं. ८९ला काठावर पास झालेला कोर ९७ला नापास होऊ शकतो. ठाण्यात ओव्हरक्लॉकची परीक्षा एप्रिल-मेच्या दुपारी तीन वाजता पंखा लावून घ्यायची. डिसेंबरच्या रात्री सगळेच पहिल्या वर्गात पास होतात.

आधी फुकटचे उपाय. घोडबंदरच्या बाजूला टॉवरच्या बांधकामांची धूळ आहे, रेडिएटरच्या पात्यांवर आतल्या बाजूने गोधडी जमते. पंखा सोडवल्याशिवाय ती दिसत नाही. पंखे काढा, ब्रशने झाडा आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पंप कुठल्या हेडरवर आहे ते बघा आणि कायम १०० टक्के ठेवा, त्याला तापमानाची वळणं लावू नका. पेस्ट दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी. स्क्रू तिरपे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. पेस्ट आणि दोन-चार पंखे एकदम घ्यायचे असतील तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडला चक्कर वसूल होते.

लिक्विड कूलरवाल्यांनी विसरायची नाही अशी गोष्ट म्हणजे व्हीआरएम. हवेच्या कूलरचा पंखा सॉकेटच्या आजूबाजूलाही वारा देतो, लिक्विडमध्ये तो वाराच जातो. ५.०ला व्हीआरएम १०० अंशांपलीकडे गेला की काही बोर्ड गुपचूप क्लॉक पाडतात. एचडब्ल्यूइन्फोत तो सेन्सर असेल तर आकडा द्या. नसेल तर मागच्या पंख्याचा वारा तिथून जातोय का ते बघा.

फुल्लस्पीड

मग कॅबिनेट एसीच्या झोताखाली ठेवायचं. ठाण्याच्या दमटपणात दव पडेल म्हणून घाबरतात लोक, पण चालू मशीन खोलीपेक्षा गरम असतं, दव कसलं पडतंय?

तापमापक (कळवा)

चालू असताना नाही पडणार, खरं आहे. पण जुलैत एसी २० वर लावून मशीन बंद केलं, सगळा पत्रा २० अंशांवर आला, आणि सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली तर? बाहेरच्या हवेचा दवबिंदू तेव्हा २४-२५च्या आसपास असतो. एसी लोकलमधून ठाण्याला उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते, तेच. अर्धा तास थांबून मग बटण दाबा, एवढंच. पण थेट झोत नको.

मानपाडा_मल्टिप्लायर

रेडिएटरमधून खरंच गोधडी निघाली, फोटो टाकण्यासारखा नाही. पंप सायलेंट मोडवर होता, तो १०० टक्के केला. पेस्ट नवीन. ५.० वर आता ८९चे ८३, खोली २४. व्हीआरएम ७८.

तरी दुपारी ९३ होईल. झाकण उघडून लिक्विड मेटल करावं का?

लोडलाइन (ऐरोली)

८७००केवर त्याचा फायदा खरा आहे, १५ अंश किंवा जास्तही कमी होतात. पण कशासाठी ते विचारा. ४.८ वरून ५.० म्हणजे चार टक्के. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड आधीच पूर्ण दमलेलं असेल तर तेही दिसणार नाहीत. साधन नसताना ब्लेडने झाकण उघडणाऱ्यांचे प्रोसेसर मरतात. लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं आणि वीज वाहून नेतं. एक थेंब बाजूच्या बारीक कपॅसिटरवर गेला की संपलं.

माझं मत विचाराल तर ४.९ वर या आणि एव्हीएक्स ऑफसेट शून्य करा. रोजच्या कामात क्लॉक एकच राहील, परीक्षाही एकच राहील. आत्ता तुम्ही ५.० आणि ४.८ असे दोन संसार सांभाळताय. सेट १.३०५ पासून सुरू करा, कॅलिब्रेशन आहे तेच. फेल झालं तर १० मिलिव्होल्टची पायरी, १.३३०च्या वर जाऊ नका.

सेक्टर_सतरा (वाशी)

आणि पॉवर लिमिट बघा. स्टॉक नियमाने ८७००केचं दीर्घकालीन लिमिट ९५ वॅट आहे. बोर्डाने ते मोकळं सोडलं नसेल तर एव्हीएक्स टेस्टमध्ये क्लॉक आपोआप पडेल आणि पुन्हा न झालेली परीक्षा पास झाल्यासारखी वाटेल. एचडब्ल्यूइन्फोत परफॉर्मन्स लिमिट रीझन्सच्या ओळी आहेत, तिथे पॉवर लिमिटसमोर येस दिसता कामा नये.

मानपाडा_मल्टिप्लायर

लिमिट बोर्डाने आधीच मोकळं ठेवलंय. ४.९, ऑफसेट शून्य, सेट १.३०५, लोडवर १.२६४. एव्हीएक्सशिवाय दोन तास पास, कमाल ७८. एव्हीएक्ससह एक तास पास, ८६. खोली २४. डब्ल्यूएचईए शून्य.

आता रॅम. प्रोसेसर स्टॉक, एक्सएमपी ३२००, मेमटेस्ट८६: दुसऱ्या पासमध्ये १४ एरर. रॅमभाऊ, तुमचं बरोबर निघालं.

रॅमभाऊ

बरोबर निघण्यात आनंद नाही, चार स्टिकमध्ये हे नेहमीचंच आहे.

आधी बघा, ऑटोने सिस्टिम एजंट आणि व्हीसीसीआयओला किती दिलंय?

मानपाडा_मल्टिप्लायर

सिस्टिम एजंट १.३४४, व्हीसीसीआयओ १.२९६.

रॅमभाऊ

वाटलंच. एक्सएमपी लावलं की बरेच बोर्ड घाबरून या दोन्हीत भरमसाट व्होल्टेज ओततात. ३२०० साठी व्हीसीसीआयओ १.१० आणि सिस्टिम एजंट १.१५ इथून सुरुवात करा, चार स्टिक आहेत म्हणून फार तर १.१५ आणि १.२०. इथे जास्त म्हणजे चांगलं असं नाही. जास्त दिल्यानेही एरर येतात आणि मेमरी कंट्रोलर उगाच तापतो.

मग किट वेगळे करा. पहिल्या किटच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बाकी दोन रिकामे. ३२०० वर चार पास. नंतर त्याच स्लॉटमध्ये दुसरं किट. दोन्ही शुद्ध निघाले तर स्टिक निर्दोष आणि भांडण चौघींच्या एकत्र नांदण्याचं. एकच किट फेल झालं तर त्यातली एक-एक स्टिक. प्रत्येक वेळी पॉवर सप्लायचा स्विच बंद, वायर काढलेली. स्टिक दोन्ही टोकांना "टक" होईपर्यंत दाबा, अर्धवट बसलेली स्टिक खराब स्टिकसारखीच वागते.

बूटच झालं नाही तर घाबरू नका. सीएमओएस क्लिअरचा जंपर, किंवा वायर काढून सीआर२०३२चा सेल पाच मिनिटं बाहेर. त्याआधी बायोसचं चालणारं प्रोफाइल पेन ड्राइव्हवर सेव्ह करून ठेवा.

मानपाडा_मल्टिप्लायर

तीन रात्री गेल्या. किट एक ३२०० वर शुद्ध. किट दोन ३२०० वर शुद्ध. चारही एकत्र, व्हीसीसीआयओ १.१५ आणि सिस्टिम एजंट १.२०: चौथ्या पासमध्ये २ एरर. आधीपेक्षा बरं, पण शून्य नाही.

रॅमभाऊ

कमांड रेट काय आहे? १टी असेल तर २टी करा. चार स्टिकना पत्ता पोचवायला एक क्लॉक जास्त मिळतो, वेगात फरक नगण्य. त्यानेही नाही झालं तर ३००० वर या, टायमिंग तीच ठेवा. रॅमचं व्होल्टेज १.३५ आहे तेच राहू द्या, चौघींसाठी ते वाढवत बसू नका.

कोपरीकर

अवांतर: ३२ जीबी खरंच लागतात का? गेमपुरतं असेल तर दोन स्टिक काढून ३२०० वर निवांत राहता येईल.

मानपाडा_मल्टिप्लायर

व्हिडिओ एडिटिंग असतं, ३२ लागतात.

१टीच होतं. २टी केलं तरी ३२०० वर १ एरर. ३०००, २टी: चार पास, शून्य. दुसऱ्या रात्री पुन्हा चार पास, शून्य. इथेच थांबतो.

आता दोन्ही एकत्र: ४.९, ऑफसेट ०, १.३०५, रिंग ४३, रॅम ३०००. शनिवारी दुपारी, एसी बंद, खोली ३४. प्राइम९५ ब्लेंड चार तास पास. स्मॉल एफएफटी एव्हीएक्ससह एक तास, कमाल ९५. गेम तीन तास, कमाल ७९, हँग नाही. झिप दहा वेळा उलगडली, सीआरसी ठीक.

पण आठ तासांत डब्ल्यूएचईए १९ एकदा. कॅश हायरार्की एरर. एकच आहे, सोडून देऊ का?

सेक्टर_सतरा (वाशी)

नको. दुरुस्त झालेली एक म्हणजे पुढची कदाचित दुरुस्त न होणारी. पॅरिटी नाही, कॅश आहे, तेव्हा व्हीकोरला हात लावण्याआधी रिंग ४२ करून बघा. कोर आणि रिंग या प्रोसेसरमध्ये एकाच व्होल्टेजवर चालतात, त्यामुळे रिंगला जास्त लागत असेल तर तिच्या एकटीसाठी सगळ्यांचं व्होल्टेज वाढवावं लागतं. १०० मेगाहर्ट्झ रिंग कमी केल्याने हाताला काही जाणवणार नाही. त्यानेही आला तरच १० मिलिव्होल्ट.

कोपरीकर

आणि विंडोजची डागडुजी राहिली. इतके दिवस सीआरसी एरर येत होते म्हणजे सिस्टिमच्याही काही फाइल बिघडल्या असतील. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी डीआयएसएमचा रिस्टोर हेल्थ, तो पूर्ण झाल्यावर एसएफसी स्कॅननाऊ. क्रम हाच, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली फाइल घेतं तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करतं. त्या काळात उलगडलेल्या झिप आणि कॉपी केलेले फोटो एकदा उघडून बघा.

मानपाडा_मल्टिप्लायर

एसएफसीने काही फाइल दुरुस्त केल्या, दुसऱ्यांदा चालवल्यावर स्वच्छ. एडिटिंगच्या दोन जुन्या क्लिप मात्र खरंच फाटलेल्या निघाल्या, बाहेरच्या ड्राइव्हवरून परत घेतल्या.

रिंग ४२ करून रविवारी दुपारी पुन्हा लावलं. खोली ३४, आठ तास, डब्ल्यूएचईए शून्य. सेटिंग वहीत लिहिली आणि प्रोफाइल पेन ड्राइव्हवर टाकलं. नाव "४९००_१३०५_रिंग४२_रॅम३०००" ठेवलंय, कोपरीकर.